रविवारच्या दुपारचा राजा

गायकाची कीर्ती पूर्वी त्याच्या आवाजाबरोबर प्रवास करीत असे. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी एवढीच वाहने हाताशी होती तोपर्यंत गायक दिसतो कसा, चालतो कसा, कोणता पोशाख करतो, याची चौकशी श्रोते फारशी करीत नसत. करावीशी वाटली तरी तिचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. दूरचित्रवाणी आली आणि हे अंतर नाहीसे झाले. गायक दर आठवड्याला घरात येऊन बसू लागला. तो नुसता गाईना, तर बोलू लागला, हसू लागला, आलेल्या पाहुण्यांचे स्वागत करू लागला. साहजिकच घरातल्या माणसाविषयी जी आपुलकी वाटते ती त्याच्याविषयी वाटू लागली. आणि घरातल्या माणसाविषयी जे हक्क आपण गाजवतो, तेही हक्क त्याच्यावर गाजविले जाऊ लागले.

या बदलाचे एक ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाने पाहिले. रोबेर्तो कार्लोस हे त्या उदाहरणाचे नाव. गेली सहा दशके ब्राझीलचे लोक त्याला 'राजा' या एकाच शब्दाने ओळखत आले आहेत. गोमंतकातील ज्या घरांत पोर्तुगीज भाषा अजून कानांवर असते, तेथे त्याच्या गीतांचे शब्द समजायला अडचण पडू नये; उच्चार मात्र लिस्बनचे नव्हेत, ब्राझीलचे, पसरट आणि मऊ. परंतु त्याच्या गाण्यांचा गोडवा हा या विवेचनाचा विषय नाही. एका घड्याळजीचा मुलगा दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमामुळे देशाचा लाडका कसा झाला, आणि त्या लाडकेपणाची मर्यादा कोठे आखावी या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निर्णय देण्याची वेळ का आली, हा तो विषय होय.

एस्पिरितो सान्तो हे ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरील एक लहानसे राज्य. तेथील काशोएइरो दे इतापेमिरिम या गावी १९ एप्रिल १९४१ रोजी रोबेर्तोचा जन्म झाला. वडील घड्याळे दुरुस्त करीत, आई शिवणकाम करी. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. गावातून आगगाडी जात असे. २९ जून १९४७ रोजी, संत पीटरच्या सणाच्या दिवशी, गावात उत्सवाची गर्दी असताना सहा वर्षांचा रोबेर्तो रुळांवर इंजिनाखाली सापडला. जीव वाचला, उजवा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. काही वर्षे मुलगा कुबड्यांवर वावरला, पुढे कृत्रिम पाय बसविण्यात आला. ही घटना येथेच नमूद करून ठेवली पाहिजे, कारण पुढे तिच्याभोवती बरेच काही घडले.

मुलाला गाण्याचे वेड होते. आईने त्याला गिटारीचे पहिले धडे दिले. १९५० साली, वयाच्या नवव्या वर्षी, गावच्या नभोवाणी केंद्रावर मुलांच्या कार्यक्रमात तो गायला. गीत स्पॅनिश भाषेतले होते आणि बक्षीस म्हणून मूठभर गोळ्या मिळाल्या, असे सांगतात. त्या काळी ब्राझीलच्या नभोवाणीवर स्पॅनिश 'बोलेरो' गीतांची चलती होती. संथ लयीतील, विरहाने ओथंबलेले हे गीतप्रकार त्या मुलाच्या मनात खोल उतरले असावेत. कारण पुढे सारी वादळे शमल्यावर तो ज्या गायकीकडे वळला, तिचे मूळ याच बोलेरोत सापडते.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तो रिओ दे जानेइरोच्या खाडीपलीकडील नितेरोय या शहरी आला. रिओतील तिजुका भागात तरुणांचा एक कंपू जमत असे. एल्व्हिस प्रेस्ली आणि बिल हेली यांच्या अमेरिकन 'रॉक अँड रोल' संगीताने ही मुले भारून गेली होती. १९५७ साली त्यांतील काहींनी एक गायकवृंद काढला आणि नुकत्याच आकाशात झेपावलेल्या रशियन उपग्रहावरून त्याचे नाव 'स्पुटनिक्स' असे ठेवले. त्या वृंदात रोबेर्तोच्या बरोबर तीम माया नावाचा तरुण होता. तोही पुढे ब्राझीलचा श्रेष्ठ गायक ठरला. वृंद लवकरच मोडला. याच सुमारास एल्व्हिसच्या एका गीताचे शब्द रोबेर्तोला हवे होते, आणि ते ज्याच्यापाशी होते तो तरुण म्हणजे एरास्मो. शब्दांच्या देवघेवीतून झालेली ही ओळख पुढे सहा दशके टिकली. शेकडो गीते या दोघांनी मिळून रचली, आणि २२ नोव्हेंबर २०२२ रोजी एरास्मोचे निधन झाले तेव्हाच ही जोडी फुटली.

आरंभीची वाट मात्र सरळ नव्हती. १९५८ साली जोआओ जिल्बेर्तो या गायकाने 'बोसा नोव्हा' नावाची नवी शैली रूढ केली. कुजबुजल्यासारखा आवाज आणि गिटारीचा हलका, तिरपा ठेका ही तिची लक्षणे. रोबेर्तोने तिचे अनुकरण आरंभले. १९५९ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली ती याच वळणाची. परंतु अस्सल जिल्बेर्तो बाजारात असताना नक्कल कोण घेणार? १९६१ मधील त्याची पहिली मोठी तबकडीही चालली नाही. आपल्या त्या पहिल्या संग्रहाविषयी त्याला इतका संकोच वाटत आला, की पुढे एवढी कीर्ती मिळूनही त्याने तो पुन्हा बाजारात आणू दिला नाही. अपयश आले तरी शिक्षण वाया गेले नाही. आवाज न चढविता माइकच्या जवळ जाऊन एकाच माणसाशी बोलल्यासारखे गाणे, हा जिल्बेर्तोचा धडा त्याने गिरवून ठेवला. दूरचित्रवाणीला नेमकी अशीच गायकी हवी होती, हे कळायला अजून काही वर्षे जायची होती.

१९६३ साली त्याने अमेरिकन गायक बॉबी डॅरिन याच्या 'स्प्लिश स्प्लॅश' या गीताचा पोर्तुगीज अवतार गायिला. शब्द एरास्मोचे होते. गीत चालले. पाठोपाठ १९६४ मध्ये 'ओ काल्यांबेक' आले. या शब्दाचा अर्थ खटारा मोटार. नवी झकपक गाडी दुरुस्तीला दिलेली असताना तात्पुरती हाती आलेली जुनी खटारा गाडीच तरुणाला प्रिय होते, अशी त्या गाण्याची गमतीदार कथा. त्यात मोठा आशय नव्हता. पण मोटार, वेग, मुली आणि थोडासा वांडपणा ही तरुणांच्या स्वप्नातील सारी सामग्री त्यांच्याच बोलीत आली होती. त्यापूर्वी ब्राझीलमधील तरुणाला एक तर आईबापांची गाणी ऐकावी लागत, नाही तर न समजणाऱ्या इंग्रजीतील.

आता दूरचित्रवाणीकडे वळले पाहिजे. ब्राझीलमध्ये तिचा आरंभ १८ सप्टेंबर १९५० रोजी साओ पावलो शहरी झाला. आपल्याकडे दिल्लीत तिचा पहिला प्रयोग १९५९ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ब्राझीलची आघाडी लक्षात येते. दुसराही एक मोठा फरक होता. आपल्याकडे ती सरकारच्या हाती राहिली. ब्राझीलमध्ये ती प्रथमपासून खाजगी मालकीची आणि जाहिरातींवर जगणारी होती. जाहिरातदाराला प्रेक्षक हवेत, प्रेक्षकाला करमणूक हवी, आणि या दोहोंना जोडणारा माणूस केंद्रचालकाला हवा, असा तो व्यवहार होता. साओ पावलोतील 'रेकॉर्ड' केंद्राने १९६५ च्या सुमारास हे गणित संगीताच्या आधाराने सोडविले. प्रत्येक अभिरुचीसाठी एक कार्यक्रम आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी एक गायक-सूत्रधार, अशी त्याची योजना होती. नव्या राष्ट्रीय संगीताच्या चाहत्यांसाठी एलिस रेजिना आणि जाइर रोद्रिगेस, जुन्या सांबाच्या रसिकांसाठी एलिझेत कार्दोझो, आणि तरुणांसाठी?

या प्रश्नाचे उत्तर फुटबॉलने दिले. रविवारी दुपारी सामन्यांचे थेट चित्रण दाखवून हे केंद्र प्रेक्षक मिळवीत असे. घरबसल्या सामना दिसू लागल्यावर क्रीडांगणे ओस पडतील, ही संघांची चिंता. तिच्यापोटी थेट चित्रणाला मनाई झाली आणि रविवारची ऐन दुपार रिकामी पडली. ती भरून काढण्यासाठी तरुणांचा संगीताचा कार्यक्रम ठरला. एका जाहिरात संस्थेने त्याची आखणी केली, नाव सुचविले, आणि नावाबरोबर विकावयाच्या वस्तूंचाही विचार केला. 'जोव्हें ग्वार्दा' हे ते नाव. अर्थ, तरुणांची नवी फळी. या शब्दांचे मूळ लेनिनच्या एका वचनात आहे, असे पुढे सांगण्यात आले. तसे असेल तर, क्रांतीच्या शब्दकोशातून उचललेला शब्द पाटलोणी विकण्याच्या कामी यावा, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

२२ ऑगस्ट १९६५ रोजी कार्यक्रमाचा पडदा वर गेला. मधोमध रोबेर्तो, एका बाजूस एरास्मो, दुसऱ्या बाजूस वान्देर्लेआ ही तरुण गायिका. प्रत्येकाला एक टोपणनाव आणि एक ठरीव स्वभाव होता: एरास्मो धटिंगण, वान्देर्लेआ मृदू, रोबेर्तो किंचित खिन्न आणि हळुवार. दर आठवड्याला नवनवे तरुण गायक येत, सूत्रधार त्यांची ओळख करून देई, नाट्यगृहातील मुली किंचाळत. बीटल्स या इंग्रज चौकडीच्या गाण्यांतील 'ये, ये' या पालुपदावरून या संगीताला 'ये-ये-ये' असेच नाव पडले. साओ पावलोत कार्यक्रम थेट दिसे. इतर शहरांना चित्रफिती पाठविल्या जात. त्याच वर्षाच्या अखेरीस 'तुझ्याशिवाय बाकी सारे नरकात जावो' अशा आशयाचे त्याचे गीत निघाले आणि देशभर त्याचा डंका वाजला. प्रेमगीतात नरकाचा उच्चार ऐकून सोवळी मंडळी नाराज झाली. त्यामुळे गीत अधिकच पसरले.

या यशाचे मर्म कोणते? रोबेर्तोपेक्षा चांगला आवाज असलेले गायक ब्राझीलमध्ये तेव्हाही थोडे नव्हते. मर्म सूत्रधारपणात होते. रंगभूमीवरील नट दूरच्या प्रेक्षकासाठी हातवारे करतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक मात्र चार हातांवर, आपल्या खुर्चीत बसलेला असतो. त्याच्यापुढे फार मोठा आवाज आणि फार मोठी ऐट या दोन्ही गोष्टी खोट्या दिसतात. रोबेर्तो हळू बोले, थोडासा लाजे, पाहुण्याचे नाव घेताना एका गुडघ्यावर झुकून हात पुढे करी. तरुणांच्या बोलीतील शब्द त्याच्या तोंडून देशभर गेले; एखादी गोष्ट उत्तम असेल तर ती 'निखारा' आहे असे म्हणण्याची रीत पडली. त्याच्या 'काल्यांबेक' या गीताच्या नावाने पाटलोणी, पट्टे, अंगरखे दुकानांत आले. लांब केस, अंगठ्या, चपटी टोपी यांची लाट उसळली. गायक, सूत्रधार आणि विक्रेता या तीन भूमिका एकाच माणसाच्या ठायी एकवटण्याचा हा त्या देशातील पहिला मोठा प्रसंग.

टीका झाली आणि ती कडवट होती. तिला एक गंभीर पार्श्वभूमी आहे. १९६४ च्या एप्रिलच्या प्रारंभी ब्राझीलमध्ये लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथून सत्ता हाती घेतली होती. विद्यार्थी, कवी आणि अनेक गायक तिच्याविरुद्ध उभे राहत असताना ही पोरे मोटारी आणि चुंबने यांचीच गाणी गातात, देशी सांबा सोडून विलायती विजेच्या गिटारी खाजवितात, असा आरोप होता. १७ जुलै १९६७ रोजी साओ पावलोच्या रस्त्यांवरून विजेच्या गिटारीविरुद्ध एक मोर्चाच निघाला. अग्रभागी एलिस रेजिना होती, आणि तिच्यासमवेत जिल्बेर्तो जिल हा तरुण संगीतकारही होता. वाद्याविरुद्ध मोर्चा निघाल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फारशी नसतील.

परंतु इतिहासाची थट्टा अशी, की तीनच महिन्यांनी, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, रेकॉर्ड केंद्राच्या गीतमहोत्सवात जिल स्वतः विजेच्या गिटारी वाजविणाऱ्या तरुणांना बरोबर घेऊन रंगमंचावर उभा राहिला आणि त्याच्या गीताने दुसरा क्रमांक पटकाविला. कायेतानो वेलोझो या त्याच्या मित्राचे गीतही गिटारीच्या साथीचेच होते. ते चौथे आले. आणि गिटारीचा राजा म्हणून ज्याची निर्भर्त्सना होत होती तो रोबेर्तो त्या महोत्सवात काय गायिला? तो चक्क एक सांबा गायिला आणि पाचवा आला. कोण देशी आणि कोण विदेशी, याच्या सीमारेषा मोर्चेकऱ्यांना वाटल्या होत्या तितक्या सरळ नव्हत्या.

कार्यक्रम अद्याप गाजत होता. पण त्याची नवलाई ओसरू लागल्याचे रोबेर्तोच्या ध्यानी आले. १९६८ च्या जानेवारीत त्याने त्याचा निरोप घेतला. त्याच्यामागे तो काही महिनेच तग धरू शकला. पाठोपाठ फेब्रुवारीत इटलीतील सान रेमोच्या सुप्रसिद्ध गीतमहोत्सवात, जेथे लुई आर्मस्ट्राँगसारखा थोर कलावंतही स्पर्धक होता, सेर्जिओ एन्द्रिगो याच्या गीताला पहिले पारितोषिक मिळाले. त्या काळी तेथे प्रत्येक गीत दोन निरनिराळे गायक म्हणत असत. एक गायक स्वतः एन्द्रिगो, दुसरा रोबेर्तो. त्याच वर्षी त्याने विवाह केला. परंतु त्यासाठी त्याला शेजारच्या बोलिव्हिया देशात जावे लागले. वधू पूर्वीच्या पतीपासून विभक्त झालेली होती आणि ब्राझीलच्या कायद्यात घटस्फोट नव्हता; तो १९७७ साली आला. राजाला आपल्याच राज्यात लग्न करता येऊ नये, यावरून त्या समाजाची घडण दिसून येते. चाहत्या मुलींना हे लग्न रुचणार नाही, या धास्तीने हितचिंतकांनी त्याला सावध केले होते. तसे काही घडले नाही. मुली मोठ्या झाल्या होत्या; त्यांच्याबरोबर त्यालाही मोठे व्हावयाचे होते.

येथून त्याच्या कारकिर्दीचा दुसरा आणि दीर्घ कालखंड सुरू होतो. मोटारी आणि वेग मागे पडले. त्यांचे राहिलेले कौतुक १९६८ ते १९७१ या काळातील तीन चित्रपटांनी फेडून टाकले. गाण्यांत संसार, विरह, आठवण, आई, मित्र आणि परमेश्वर आले. १९७१ मधील 'देतालयेस', म्हणजे 'बारीकसारीक गोष्टी', हे गीत या काळाचे शिखर मानतात. प्रियकराला सोडून गेलेल्या स्त्रीला तो मोठमोठ्या शपथांची आठवण देत नाही, तर क्षुल्लक खुणांची देतो, ही त्यातील कल्पना. लहानपणी ऐकलेला बोलेरो नव्या पोशाखात परतला होता. दर वर्षाच्या अखेरीस त्याची एक तबकडी निघावी आणि नाताळची भेट म्हणून ती घरोघरी जावी, असा परिपाठ पडला. आपल्या स्पॅनिश ध्वनिमुद्रिकांमुळे तो मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पोहोचला. १९७९ च्या जानेवारीत पोप दुसरे जॉन पॉल मेक्सिकोला आले असता मुलांनी त्यांच्यापुढे 'आमिगो', म्हणजे 'मित्र', हे गीत गायिले. रोबेर्तोने ते १९७७ साली एरास्मोसाठी रचले होते.

राजकारणाविषयी त्याने मौन पाळले, हा आक्षेप मात्र त्याच्या मागून हटला नाही, आणि तो निराधारही म्हणता येणार नाही. तथापि एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९६८ च्या डिसेंबरात लष्करी राजवटीने उरलेसुरले नागरिक-स्वातंत्र्य गुंडाळले. कायेतानो आणि जिल यांना अटक झाली, आणि पुढील वर्षी त्यांना लंडनला जावे लागले. तेथे रोबेर्तो कायेतानोला भेटून आला. १९७१ च्या तबकडीत एका कुरळ्या केसांच्या व्यक्तीवर लिहिलेले गीत होते: ती दूर देशी आहे, तिला आपल्या किनाऱ्याची वाळू आठवते आणि ती एक दिवस परत येईल. श्रोत्यांनी, आणि परीक्षण अधिकाऱ्यांनीही, ते प्रेमगीत म्हणूनच ऐकले. कुरळे केस स्त्रीचे नसून हद्दपार कायेतानोचे होते, हे सर्वांना कळावयाला बराच काळ जावा लागला. मौनाच्याही अनेक जाती असतात.

दूरचित्रवाणीशी त्याचे नाते याच काळात पुन्हा जुळले. १९६९ पर्यंत ब्राझीलमध्ये दूरसंचाराचे जाळे इतके पसरले, की एकच कार्यक्रम दूरदूरच्या शहरांत एकाच वेळी दाखविता येऊ लागला. चित्रफितींचे डबे विमानाने पाठविण्याची गरज सरली. ग्लोबो ही या नव्या व्यवस्थेतील सर्वांत प्रबळ संस्था. १९७४ पासून वर्षअखेरीस रोबेर्तोचा एक विशेष कार्यक्रम ती दाखवू लागली. पाहुणे गायक, सूत्रधार रोबेर्तो, निळापांढरा पोशाख आणि शेवटी श्रोत्यांकडे फेकलेले गुलाब. मधली मोजकी वर्षे वगळता हा प्रघात पुढील कित्येक दशके चालला. ज्या मुली १९६५ साली किंचाळत होत्या त्या आता नातवंडांना घेऊन पडद्यापुढे बसू लागल्या. २००९ साली कारकिर्दीच्या ५० व्या वर्षानिमित्त रिओच्या मराकाना क्रीडांगणावर त्याचे गायन झाले. २०११ च्या कार्निव्हालमध्ये 'बेइजा-फ्लोर' या सांबा-पथकाने त्याचे जीवन हाच विषय घेऊन अजिंक्यपद मिळविले.

आता त्या आगगाडीकडे परत जावयाचे. अर्धशतकभर घराघरांत वावरलेला हा माणूस आपल्या पायाविषयी जाहीरपणे जवळजवळ कधीच बोलला नाही. साऱ्या देशाला ते ठाऊक होते आणि सारा देश ते ठाऊक नसल्यासारखा वागत होता. मात्र त्याने स्वतः ते गीतांत सांगितले होते. १९७१ मधील 'त्राउमास' आणि १९७२ मधील 'ओ दिवा' या दोन गीतांत बालपणीच्या त्या दिवसाच्या खुणा आहेत. म्हणजे त्याला ते लपवावयाचे नव्हते. ते केव्हा, किती आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हे आपल्या हाती असावे एवढेच त्याचे म्हणणे होते.

हेच म्हणणे पुढे न्यायालयात गेले. पावलो सेझार दे आराउजो हा इतिहासाचा अभ्यासक लहानपणापासून रोबेर्तोचा भक्त. सुमारे १५ वर्षे खपून, असंख्य मुलाखती घेऊन त्याने राजाचे विस्तृत चरित्र लिहिले. ते २००६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. त्यात निंदा नव्हती. उलट, ज्या टीकाकारांनी या गायकाला हलके लेखले त्यांना उत्तर देण्याचा प्रयत्न होता. पण अपघात, प्रेमप्रकरणे आणि पत्नीचे आजारपण यांचीही हकीकत होती. रोबेर्तोची पत्नी मारिया रीता १९९९ च्या डिसेंबरात कर्करोगाने वारली होती आणि ते दुःख ताजे होते. आपला जीवनवृत्तान्त ही आपली मालमत्ता आहे आणि ती आपल्या अनुमतीवाचून वापरली गेली, अशी त्याची तक्रार होती. २००७ च्या एप्रिलमध्ये साओ पावलोच्या न्यायालयात समझोता झाला. प्रकाशकाने विक्री थांबविली आणि उरलेल्या १० हजारांहून अधिक प्रती गायकाच्या स्वाधीन केल्या. ज्याने पुस्तक लिहिले तो लेखक या तडजोडीने हताश झाला.

कायदा तेव्हा गायकाच्या बाजूचा होता. २००२ च्या ब्राझिलियन नागरी संहितेतील दोन कलमांन्वये, एखाद्याच्या जीवनाविषयीचे लेखन त्याची प्रतिष्ठा दुखावीत असेल किंवा व्यापारी हेतूचे असेल, तर ते थांबविण्याची मागणी त्याला करता येई. आता सर्वच पुस्तके विक्रीसाठी असतात. तेव्हा या कलमांचा अर्थ ताणला की प्रत्येक चरित्राला नायकाची, आणि त्याच्या पश्चात वारसांची, परवानगी लागणार. वारस परवानगीचे मूल्य मागू लागले. काही चरित्रे लिहिलीच गेली नाहीत. २०१२ साली प्रकाशकांच्या एका संघटनेने या अन्वयार्थाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २०१३ मध्ये अनेक नामवंत गायक परवानगीच्या बाजूने एकत्र आले, आणि त्यांत रोबेर्तोबरोबर कायेतानो व जिल हेही होते. लष्करी राजवटीच्या परीक्षणाचे चटके ज्यांनी सोसले तेच आता पुस्तकांवर आधी संमतीची अट घालू पाहतात, हे पाहून अनेकांना खेद झाला. वाद पेटल्यावर रोबेर्तोने आपली भूमिका पुष्कळशी सौम्य केली आणि तो त्या गटातून बाहेर पडला.

१० जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. कार्मेन लुसिया या न्यायाधीश-बाईंनी मांडलेल्या मताचे सार असे, की चरित्र लिहिण्यासाठी कोणाच्याही पूर्वसंमतीची आवश्यकता नाही. लिहिलेले असत्य असेल, बदनामीकारक असेल, तर भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा आहे; परंतु लिहिण्याआधीच तोंड बंद करण्याचा मार्ग कोणालाही उपलब्ध नाही. एका गायकाच्या खाजगी दुःखातून साऱ्या देशातील इतिहासलेखनाचा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला.

या निकालाने राजा हरला, असे म्हणावे काय? कायद्याच्या दृष्टीने खुशाल म्हणावे. पण प्रेक्षकांच्या वर्तनाकडे पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. २००४ च्या सुमारास त्याने स्वतःच सांगितले, की मनाला ग्रासणाऱ्या एका विकारावर आपण उपचार घेत आहोत; काही रंग आणि काही शब्द टाळल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. त्या शब्दांतच 'नरक' हा शब्द होता, आणि त्यापायी ज्या गीताने त्याला सिंहासनावर बसविले तेच त्याने कित्येक दशके गाणे सोडून दिले होते. श्रोत्यांनी ते मागितले नाही असे नाही; पण त्यासाठी हट्टही धरला नाही. २०१६ च्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात तो ते पुन्हा गायिला, तेव्हा साठी-सत्तरीतल्या लोकांनी प्रत्येक शब्द त्याच्याबरोबर म्हटला.

न्यायालयाने जे सांगितले ते खरे आहे: जो माणूस देशाच्या जीवनाचा भाग झाला, त्याची कथा देशाला सांगता आली पाहिजे. आणि त्या श्रोत्यांनी जे न बोलता सांगितले तेही तितकेच खरे आहे: ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट माणसाच्या तोंडावर उच्चारलीच पाहिजे असे नाही. पहिली गोष्ट कायद्याने ठरते, दुसरी सौजन्याने. दूरचित्रवाणीने गायकाला घरात आणून बसविले. घरात आलेल्या माणसाला काय विचारावे आणि काय विचारू नये, याचा विवेक मात्र यंत्राबरोबर मिळत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरी असावा लागतो.